डब्यात बांधून नेलेला दगा

या वेळची पत्रं वाचून मला जरा भीतीच वाटली बाप्पा. मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की पहिली कादंबरी लिहिताना लांब जाऊ नका, घरच्याच माणसांना घेऊन बसा. तुम्ही घेतलं खरं, पण थेट जंगलात नेऊन सोडलं. नऊ पत्रं आली, त्यातल्या बऱ्याच पत्रांत कोणीतरी सख्खं माणूस सख्ख्याच माणसाला रानात दगा देतंय. उन्हाळा आहे, सगळे पेंच-ताडोबा करून आलेले दिसता, त्याचाही परिणाम असेल. पाच पत्रं घेतलीत, काही उत्तरं लांबली, काही पटकन आटोपलीत.

ताई नमस्कार. मी कादंबरी लिहून राहिलो, 140 पानं झाली. थोडक्यात सांगतो. आई वारल्यावर दोन भाऊ, भावजया, बहीण, जावई आणि बहिणीची दोन मुलं असे सगळे पेंचला सिल्लारीकडून तीन दिवस जातात, वरून सगळं गोड. दुसऱ्या रात्री मोठा भाऊ रिसॉर्टमध्ये बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतो. तिसऱ्या दिवशी सफारीत काहीतरी कारण काढून तिला खाली उतरवतो आणि जिप्सी पुढे काढतो, ती सापडतच नाही, जमीन भावांची होते. मित्र म्हणतात जबरदस्त आहे. मलाच वाचताना खोटं वाटतं पण नेमकं काय खोटं आहे ते सापडत नाही.
— एक वाचक, मानेवाडा

भाऊ, खोटं वाटतं कारण ते खोटंच आहे, पण तुमच्या मित्रांना ते दिसणार नाही कारण तुमचे मित्र कोर्टात स्टेनो नव्हते. मी 26 वर्षं होते. वाटपाचे दावे इतके टाइप केलेत की "दावा मिळकत" हे दोन शब्द अजूनही बोटांतून आपोआप निघतात, एकदा किराण्याच्या यादीत निघाले होते.

आधी जंगलाचं बोलू, ते सोपं आहे. पेंचच्या आत गाइडशिवाय जाताच येत नाही. परमिटवर प्रत्येकाचं नाव, ओळखपत्र, गेटवर नोंद, बाहेर पडायची वेळ ठरलेली, आणि जिप्सीतून पाय खाली ठेवायची परवानगी नाही. सहा जण आत गेले आणि पाच बाहेर आले तर गेटवरचा माणूस "बरं, या पुन्हा" म्हणणार आहे का? गाइड आणि ड्रायव्हर दोघांनाही सामील करून घ्याल तर मग ती गोष्ट भावाची राहत नाही, टोळीची होते. त्यापेक्षा रिसॉर्टच सोडा. देवलापारच्या पुढे आईच्या नावावर दहा-बारा एकर वावर आहे असं करा. धुऱ्याच्या पलीकडे झुडपी जंगल, त्याच्या पलीकडे मोठं जंगल, ना गेट ना तिकीट, मोबाइलला रेंज नाही. वावरात एक कौलारू घर, ज्यात दहा वर्षांत कोणी झोपलेलं नाही. म्हणजे ज्या जमिनीवरून सगळं चाललंय तिच्याच उरावर सगळे तीन रात्री झोपतात, एकमेकांना पाणी देतात, पत्ते खेळतात. महिना मे घ्या. पहाटे तेंदूपत्त्याला जाणारे लोक धुऱ्यावरून जाताना दिसू द्या म्हणजे ते जंगल पोस्टरमधलं वाटणार नाही.

आता कागद. हक्कसोडपत्र रिसॉर्टमध्ये सही करून होत नाही हो. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र रजिस्टर व्हावंच लागतं, म्हणजे दुय्यम निबंधकाचं ऑफिस, फोटो, अंगठा, साक्षीदार, आणि मधल्या सुटीनंतर या म्हणणारा कारकून. तुमच्या मोठ्या भावानं रात्री घेतलेली सही सकाळपर्यंत रद्दी आहे आणि इतका पाताळयंत्री माणूस असूनही त्याला ते माहीत नाही, इथे वाचकाचा त्याच्यावरचा विश्वास उडतो. (वाचकाला कायदा माहीत नसतो पण वास येतो, तुम्हाला आला तसाच.)

रानात करता येतो असा कागद एकच, मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर केलंच पाहिजे असं नाही, लिहिणारा शुद्धीवर हवा आणि दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या करायला हव्या. म्हणून आईला मारू नका, तिला सोबत न्या. आईला एकदा तिचं वावर दाखवून आणू म्हणून सगळे निघालेत, ही ट्रीप तिच्यासाठी आहे. एक साक्षीदार बटईदार, दुसरा स्वयंपाकाला आणलेला माणूस. दुसऱ्या रात्री आई सही करते आणि कंदील धरून शेजारी उभी आहे ती बहीणच, कारण तिला सांगितलंय की पीककर्जाचे कागद आहेत.

आणि तिसरी गोष्ट, जी तुम्ही बघितलीच नाही. बहीण मेली तर भावांना काय मिळतं? तुमच्या गोष्टीत तिला दोन मुलं आहेत. मग तिचा हिस्सा मुलांना आणि नवऱ्याला जातो, भावांना फुटकी कवडी नाही. आईच्या मालकीच्या वावरात मुलीचा हिस्सा 1956 च्या कायद्यापासूनच मुलाच्या बरोबरीचा आहे (वडिलोपार्जितात ती जन्मानं बरोबरीची हिस्सेदार झाली ती 2005 च्या दुरुस्तीनं). आता त्याच कायद्यातलं एक कलम ऐका, मी पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा माझा हात थांबला होता. हिंदू बाई मृत्युपत्र न करता वारली आणि तिला मूलबाळ, नातवंडं काही नसलं, तर तिला आईबापाकडून आलेली मिळकत नवऱ्याकडे जात नाही, तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे भावांकडे. तुमच्या भावाला खुनाचं कारण हवं असेल तर बहिणीला मूल नको, आणि मग बघा, पहिल्या पन्नास पानांत मोठी वहिनी दर वेळी इतक्या मायेनं तिला "डॉक्टर काय म्हणले ग?" विचारते ते वाक्य काय होऊन बसतं.

पण खून सिद्ध झाला तर मारणाऱ्याला वारसाहक्क मिळत नाही. नाहीशी झाली, प्रेत मिळालं नाही, तर ज्यांना तिची खबर असायला हवी त्यांना 7 वर्षं काही कळलं नाही मगच कोर्ट ती मेली असं धरून चालतं. सात वर्षं सातबाऱ्यावर तिचं नाव तसंच, पटवारी फेरफार घ्यायला तयार नाही, आणि तिचा नवरा, ज्याला त्या जमिनीतलं काहीच मिळणार नाही, तो दर उन्हाळ्यात येऊन त्या कौलारू घराच्या ओट्यावर बसतो. तुमची कादंबरी जिथे संपते तिथून खरं तर हा दुसरा भाग सुरू होतो.

दोन्ही वाटा एकत्र करू नका. मला विचाराल तर आईची घ्या. तिच्यात कोणी मरत नाही आणि तरी ती जास्त काळी आहे. कारण 26 वर्षांत मी बहिणीला मारणारा भाऊ एकही पाहिला नाही, आणि कोर्टाच्या कँटीनमध्ये बहिणीला आपल्या पैशानं चहा पाजून वर जाऊन तिच्याच विरुद्ध शपथेवर बोलणारे कितीतरी पाहिले. चहा खोटा नव्हता हो, तेच तर अवघड आहे. आपल्याकडे दगा लाडानं होतो. तो रानात जन्मत नाही, घरून चिवडा-शंकरपाळ्यांच्या डब्यासोबत बांधून नेलेला असतो, रानात फक्त एवढंच होतं की रागावून निघून जायला ऑटो मिळत नाही.

मॅडम, माझ्या कादंबरीत शेवटी कपटी मोठ्या भावाला वाघ मारतो. निसर्गानंच न्याय केला असं दाखवायचं आहे. कसं वाटतं?
— एक वाचक, वर्धा

नको वाटतं. वाघ काही दिवाणी न्यायाधीश नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाच्या तावडीत खरंच कोण सापडतं ते तुम्हाला माहीतच आहे, पहाटे मोहफुलं वेचायला गेलेली बाई, तेंदूपत्त्याला वाकलेला माणूस. त्यांनी कोणाचं काय वाईट केलं होतं? त्या बायकांच्या मरणाला अपघात म्हणायचं आणि शहरातल्या आपल्या भावाच्या मरणाला न्याय म्हणायचं, हे मला पटत नाही, आणि तुमच्या वाचकांत त्या बायकांची मुलंही असू शकतात.

रानानंच मारायचं असेल तर विदर्भातलं रान कसं मारतं ते बघा. मोहाच्या दिवसांत अस्वल, तेही मोहफुलं खायलाच आलेलं असतं. मे महिन्यात नुसतं ऊन, पाण्याची बाटली गाडीत राहिली आणि गाडी तीन किलोमीटरवर आहे एवढं पुरतं. आणि मण्यार. मण्यार रात्री चावते, बहुतेक जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा जागही येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, शेवटी श्वास. वेळेत दवाखान्यात नेलं, प्रतिविष मिळालं, श्वासाला मशीन मिळालं तर माणूस वाचतो.

आता या माहितीवर तुमची माणसं ठेवून बघा. घरात खाट एकच आहे. ती कोणाला दिली, कोणी "मला पाठीला कडक बरं पडतं" म्हणून घेतली आणि कोण खाली सतरंजीवर झोपलं? पहाटे लहान भाऊ पोट धरून उठतो, मोठा म्हणतो रात्रीची वांग्याची भाजी बाधली तुला, ओवा खा आणि पड थोडा वेळ. नऊ वाजता पापण्या मिटू लागतात तेव्हा तो म्हणतो रात्रभर झोपला नाही ना, झोपू द्या. त्याला कळलं होतं का? मला तर वाटतं हे त्यालासुद्धा शेवटपर्यंत नक्की माहीत नसावं. गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती एवढंच लिहा आणि पुढे चला.

आपले सदर आवडीने वाचतो. तरी एक स्पष्ट मत. ही काळी-काळी कौटुंबिक कथानके परदेशी वेब सिरीज पाहून आलेली आहेत. आपल्या संस्कृतीत कुटुंबात असे होत नाही. तरुण लेखकांना आपण हे सांगावे.
— एक ज्येष्ठ वाचक, महाल

काका, तुम्ही महालात राहता आणि हे मला विचारता! तुमच्या घरापासून भोसल्यांचा वाडा चालत जाण्याच्या अंतरावर असेल. 1816 मध्ये दुसरे रघुजी गेले, गादीवर मुलगा परसोजी बसला, तो अशक्त म्हणून कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबाकडे आला. 1817 च्या सुरुवातीला एका सकाळी परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. आप्पासाहेब त्या वेळी नागपुरात नव्हते, चांद्याला गेले होते. म्हणजे मुद्दाम लांब जायचं आणि काम मागे होऊ द्यायचं, ही युक्ती कोणत्याही सिरीजनं आपल्याला शिकवलेली नाही. पुढचं तुम्हाला माहीतच असेल, त्याच वर्षी 26-27 नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई हरले, 1818 मध्ये इंग्रज त्यांना अलाहाबादकडे नेत असताना पहाऱ्यातल्या शिपायांना फितवून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला जाऊन राहिले. शेवटी जोधपूरला 1840 मध्ये वारले. भावाला मारून गादी मिळवलेला माणूस रानात लपून बसलाय, आश्रय देणाऱ्यांच्या चुलीवरचं खातोय आणि रात्री कान देऊन पडलाय की यातलं कोण फितणार, कारण फितवणं कसं असतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत! ही कादंबरी कोणी लिहायला घेत असेल तर मला कळवा, पहिला खर्डा मी फुकट तपासून देईन.

आणि "भाऊबंदकी" हा शब्द आपल्या भाषेनं कशाला तयार करून ठेवला असेल? बंधू आणि भांडण एकाच शब्दात बसवायची गरज पडली म्हणूनच ना.

अजून एक सांगते, राग मानू नका. रामटेकला तुम्ही दर वर्षी जात असाल. राम तिथे टेकला म्हणतात तो का टेकला? वनवासात होता म्हणून. वनवासात का होता? घरी कैकेयी रुसून बसली म्हणून. दगा अयोध्येतच झाला होता, तोही राणीच्या लाडातून, दिलेल्या वरांतून. रानाच्या वाट्याला नंतरचं सगळं आलं. तरुण लेखकांना मी सांगेन, पण हे सांगेन.

संवाद वऱ्हाडीत लिहू की प्रमाण मराठीत? घरची माणसं नागपूरची आहेत.
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

नागपूरची आहेत तर नागपुरी बोलू द्या, वऱ्हाडी अकोला-अमरावतीकडची, दोन्ही एकच समजू नका, तिकडचे चिडतात आणि इकडचेही. पण सगळी माणसं सगळा वेळ एकसारखी बोलत नाहीत. मोठा भाऊ एरवी "काहून वं, जेवली नाही अजून?" म्हणतो, आणि कागदाचा विषय निघाला की त्याच्या तोंडून एकदम "हे बघ, व्यवहार व्यवहाराच्या ठिकाणी असतो" असं पुस्तकी मराठी निघतं. बहिणीनं खरं म्हणजे तिथेच उठायला पाहिजे होतं. वाचकाला हे समजावून सांगू नका, नुसती भाषा बदला. आणि दर वाक्यात "बे" घालू नका, आपण इतकंही बे-बे करत नाही.

ताई, नाव छापू नका. माझी गोष्ट खरी आहे. जंगल सोडून बाकी सगळं घडलेलं आहे, भावानं आणि काकांनी मिळून. मी ते एका ट्रीपमध्ये बसवलंय, रानातली ट्रीप, सगळं दोन दिवसांत घडतं. चांगलं झालंय असं मला वाटतं. पण भाऊ वाचेल, स्वतःला ओळखेल, आणि जे उरलंय तेही तुटेल. रक्षाबंधनाला अजून जाते मी त्याच्याकडे. काय करू?
— एक वाचक, धंतोली

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सल्ला नाही देत, माझं सांगते.

माझे बाबा गेले त्या वर्षी दादानं उमरेड रोडच्या वावरात रोडग्यांचा बेत केला होता. गोवऱ्यांचा जाळ, वांग्याची भाजी, वरण, सगळे चुलतभाऊ, पोरंसोरं बोरं पाडत फिरून राहिली होती. दादानं माझ्या पानातला रोडगा स्वतःच्या हातानं फोडला, वरून तूप ओतलं, आणि म्हणाला बाबा असते तर तुलाच पहिला दिला असता. खरंच होतं ते, बाबांनी मलाच दिला असता. मग दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रजिस्ट्री ऑफिसला ये म्हणाला, तेवढी एक सही आहे. मी स्टेनो होते, रोज तेच टाइप करत होते, कसली सही ते मला त्याच्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी गेले आणि केली. वहिनीनं साडी दिली, जांभळी, काठ बरे होते. माहेर तुटायला नको असं त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, माझ्यासमोर कोर्टात उभ्या राहिलेल्या बायकाही हेच सांगायच्या आणि मी ते मान खाली घालून टाइप करायची. दादानं फसवलं असं म्हणायला जागा नाही आणि नाही फसवलं असंही म्हणता येत नाही.

बारा वर्षांनी मी त्यावर कथा लिहिली. वावराचं रान केलं, रोडगे तसेच ठेवले, एका दिवाळी अंकात आली. मी त्याला अंक दिला नव्हता, कोणीतरी दिला. आठ दिवस फोन नाही. मी रात्री झोपेना, आता संपलं म्हटलं. नवव्या दिवशी फोन आला. म्हणाला कथा वाचली, मधे जरा लांबली. मी म्हटलं बरं. मग बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पण ते वांग्याची भाजी तू आचाऱ्यानं केली असं काहून लिहिलं वं, ती तर तुझ्या वहिनीनं केली होती, दोन दिवस झाले तिनं माझ्याशी धड बोलणं टाकलंय.

सहीबद्दल एक शब्द नाही. तेव्हाही नाही, अजूनही नाही. मी अजूनही राखीला जाते, तो अजूनही सोडायला गेटपर्यंत येतो.

तुमचा भाऊ काय करेल ते मला सांगता येणार नाही. तो कदाचित ओळखेल, कदाचित दुसऱ्याच कोणाला ओळखून तुम्हाला फोन करेल की काकांना बरं उघडं पाडलंस. छापायचं की नाही हे पूर्ण लिहून झाल्यावर ठरवा, आत्ता अर्ध्यात ठरवाल तर भाऊ पानापानावर सज्जन होत जाईल आणि कथा मरेल. लिहिलेलं कपाटात ठेवता येतं. आणि त्या दोन दिवसांत स्वयंपाक कोणी केला होता तेवढं मात्र आठवून बरोबर लिहा.